एकवीस किलोमीटर धावणाऱ्याची कंबर सिलिंडर उचलताना का धरते?

थंडी पडली की नाशिकमध्ये पहाटेची वर्दळ वाढते. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, म्हणजे आपलं गोल्फ क्लब, गजबजतं. कृषीनगरच्या ट्रॅकवर पाय ठेवायला जागा नसते. गंगापूर रोडने सोमेश्वरच्या दिशेने सायकली निघतात, पांडवलेणीच्या पायऱ्यांवर अंधारातच माणसं दिसतात. आमचाही एक छोटा गट आहे. त्यातला एक मित्र, वय ४३, दोन वर्षांत तीन हाफ मॅरेथॉन धावलेला. परवाच्या रविवारी तो कमरेला पट्टा बांधून मैदानाच्या कठड्यावर बसून होता. धावताना त्याला काहीच झालं नव्हतं. घरी गॅसचा भरलेला सिलिंडर बाल्कनीतून ओट्यापर्यंत नेताना उसण भरली होती.

"ताई, मी दोन-दोन तास पळतो, आणि तीस किलो उचलायला गेलो तर कंबर धरते. मग एवढं पळून कमावलं काय?"

कमावलं बरंच आहे. हृदय, फुप्फुसं, रक्तातली साखर, मन, सगळ्यांना त्या पळण्याचा फायदा झाला आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जो सल्ला दिला, त्याचे दोन भाग आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, हा पहिला भाग आपल्याकडे बहुतेकांना पाठ आहे. दुसरा भाग सांगतो की आठवड्यातून किमान दोन दिवस शरीरातल्या सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्या. तो कुणाच्या लक्षातच राहत नाही. चालणारे चालत राहतात, सायकलवाले सायकल चालवतात, आणि वजन उचलणं म्हणजे आरशासमोर दंड फुगवणाऱ्या पोरांचं काम, असं आपण मनाशी ठरवून टाकलेलं असतं. मीही वयाच्या चाळिशीपर्यंत तेच धरून बसले होते.

## दम वेगळा, ताकद वेगळी

आपला प्रत्येक स्नायू हजारो बारीक तंतूंचा बनलेला असतो. त्यांतले काही संथ असतात. ते थोडाच जोर लावतात, पण तासन्‌तास थकत नाहीत. दुसरे जोरकस असतात. ते मोठा भार झटक्यात पेलतात, पण लवकर दमतात. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते, तिच्यातले वारकरी हे संथ तंतू समजा. दिवसचे दिवस एका लयीत चालतात. वाटेत एखादी बैलगाडी चिखलात रुतली की चार दांडगे गडी खांदा लावतात, ते जोरकस तंतू.

या गड्यांना बोलावण्याची शरीराची एक ठरलेली रीत आहे. काम हलकं असेल तर आधी संथ तंतू कामाला लागतात. भार वाढत गेला, किंवा हलक्या भारानेच स्नायू थकत आला, तरच जोरकस तंतूंना हाक जाते. आरामाच्या वेगाने दहा किलोमीटर पळताना ही हाक जवळजवळ जातच नाही. वर्षानुवर्षं ज्यांना कुणी बोलावलं नाही ते तंतू बारीक होत जातात. तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर हा वेग आणखी वाढतो, आणि त्यात सर्वाधिक नुकसान जोरकस तंतूंचंच होतं. वयाबरोबर स्नायू आणि ताकद अशी घटत जाण्याला डॉक्टर सार्कोपेनिया म्हणतात. पायरी चुकली तर झटक्यात पाय टाकून तोल सावरायला हेच तंतू लागतात. म्हातारपणी घसरून खुबा मोडणं आणि हे तंतू झिजणं यांचा संबंध इथे येतो.

आपल्या माणसांसाठी हा विषय आणखी जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघंही सडपातळ दिसतात. उंची आणि वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी ही आपल्याकडची ठेवण. जेवणानंतर रक्तात येणारी साखर सर्वांत जास्त साठवून घेतात ते स्नायू. कोठारच लहान असेल तर साखर रक्तातच रेंगाळणार. म्हणून "मी तर बारीक आहे, मला कशाला वजनं?" असं कुणी म्हणालं की मला हा फोटो आठवतो.

हल्ली वजन उतरवणारी इंजेक्शनं घेणारे ओळखीत दिसू लागले आहेत. त्यांनीही हे लक्षात ठेवायला हवं. वजन कशानेही उतरो, इंजेक्शनने, उपासाने किंवा नुसत्या चालण्याने, चरबीबरोबर थोडे स्नायूही जातात. ते राखायचे तर भार उचलावा लागतो आणि प्रथिनं खावी लागतात.

## द्राक्षाची छाटणी आणि आपले स्नायू

निफाड-दिंडोरीकडे ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना ही गोष्ट पटकन कळेल. द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. छाटणीच्या दिवशी बाग उघडीबोडकी दिसते. वेलीच्या दृष्टीने तो घावच असतो. पण त्या घावामुळेच डोळे फुटतात. पुढे पाणी, खत आणि चार महिन्यांचा वेळ मिळाला की माल निघतो. पाणी दिलं नाही तर छाटणी वाया जाते. कोवळी फूट येते न येते तोच परत कात्री चालवली तर वेलच मरगळते.

ताकदीचा व्यायाम ही छाटणी आहे. वजन उचलता त्या क्षणी तुम्ही बलवान होत नसता, उलट तासाभरापूर्वीपेक्षा कमजोर झालेले असता. त्या ताणामुळे शरीराला निरोप जातो की या स्नायूवर भार येतोय, इथे बांधकाम करा. मग पुढचे २४ ते ४८ तास स्नायूमध्ये नवीन प्रथिनं रचण्याचं काम जोरात चालतं. त्याला माल लागतो तो जेवणातून, आणि वेळ लागतो तो विश्रांतीतून. व्यायाम, आहार आणि विश्रांती हे तीन वेगळे विषय म्हणून आपण बोलतो, पण ते एकाच कामाचे तीन टप्पे आहेत.

सुरुवातीचे चार-सहा आठवडे आरशात काही दिसत नाही, तरी वजन मात्र भराभर वाढवता येतं. याचं कारण आधी मज्जातंतू शिकतात. कुठल्या तंतूंना, कधी आणि किती जणांना एकदम हाक मारायची, ही शिस्त मेंदूला लागते. स्नायूंचा आकार त्यानंतर हळूहळू वाढतो. सर्वांत मागे राहतात ते कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर. त्यांना महिने लागतात. म्हणून दुसऱ्या महिन्यात "आता जमतंय" म्हणत एकदम वजन चढवलं की दंडाला काही होत नाही, कोपर आणि खांदा मात्र बोलू लागतात.

आपल्या भाषेत "अंगवळणी पडणं" हा शब्द कौतुकाचा आहे. व्यायामात मात्र तो इशारा आहे. तोच भार, तेवढ्याच वेळा, सहा महिने उचलला तर तो अंगवळणी पडतो आणि शरीर बदलायचं थांबतं. म्हणून भार थोडा-थोडा चढता ठेवायचा. जुन्या तालमीत वस्ताद दर आठवड्याला जोर-बैठकांचा आकडा वाढवून घ्यायचे, ते हेच. पुस्तकी नाव नसलं तरी रीत बरोबर होती.

## नेमकं करायचं काय

शरीराच्या मोठ्या हालचाली पाचच आहेत: बसून उठणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि वजन घेऊन चालणं. आठवड्यातून दोन दिवस या पाचही हालचाली झाल्या की काम झालं. एका व्यायामाची एक पूर्ण हालचाल म्हणजे एक रेप, आणि न थांबता केलेल्या अशा आठ-बारा रेप्स म्हणजे एक सेट. प्रत्येक हालचालीचे दोन किंवा तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटांची उसंत. पाऊण तासात सगळं आटपतं.

घरात सामान असतंच. पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलोची पिठाची पिशवी ठेवली की बैठकांना वजन मिळालं. वीस लिटरचा पाण्याचा जार वीस किलोचा असतो. तो अर्धा भरला की दहा किलो. ढकलण्यासाठी जोर मारायचे. जमिनीवर जमत नसतील तर ओट्याला हात टेकून तिरके. ओढण्याचा व्यायाम घरी जरा अडचणीचा होतो. सॅक एका हातात धरून, दुसरा हात पलंगावर टेकून ती कमरेपर्यंत ओढायची. जिममध्ये जात असाल तर उत्तमच, तिथे वजन मोजून वाढवता येतं.

वाकून उचलण्यावर मी जास्त वेळ घालवते, कारण माझ्या मित्राची कंबर नेमकी तिथेच गेली. घरातला लांब दांडा घ्या, झाडूचा चालेल. तो पाठीमागे उभा असा धरा की डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला, अशा तीन ठिकाणी टेकेल. आता गुडघे किंचित सैल सोडून कुल्ले मागे न्या, जणू मागचं दार कुल्ल्याने लोटायचंय. दांडा तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला पाहिजे. बहुतेकांचा पहिल्या प्रयत्नात माकडहाडापासून सुटतो, म्हणजे ते कमरेतून गोल होत वाकतात. तो न सुटता वाकता येऊ लागलं की मांडीच्या मागे ताण जाणवतो. उचलण्याचं काम करणारे हेच मोठे स्नायू. मित्राला मैदानातच एका वाळक्या फांदीने हे दाखवलं, आणि पाचव्या वेळी त्याचा चेहरा बदलला. सिलिंडर तो पायांपासून हातभर लांब ठेवून, पाठीची कमान करून उचलत आला होता. वजन जितकं अंगाजवळ तितका कमरेवरचा जोर कमी.

भार किती घ्यायचा? सेट संपवताना "अजून दोन, फार तर तीन जमले असते" असं वाटलं की तो भार बरोबर. दहा सहज शिल्लक राहत असतील तर जोरकस तंतूंना हाक गेलीच नाही. शेवटच्या रेपला पाठ वाकडी होत असेल तर भार जास्त झाला. वरची सीमा, म्हणजे बारा रेप्स, सलग दोन वेळा आरामात गाठली की अडीच किलो वाढवा. एक वही ठेवा. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा. मी साध्या शाळेच्या वहीत लिहिते, आणि त्या वहीइतकी मदत मला कुठल्याच उपकरणाने केलेली नाही.

पळणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्यांची शंका असते की पाय जड होतील. पळताना प्रत्येक पावलाला एका पायावर शरीराच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. तो पेलायला पोटरी आणि मांडी मजबूत असतील तर पाऊल ढिलं पडत नाही, आणि तेवढ्याच वेगाला प्राणवायू कमी खर्च होतो. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेरावे आले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण जिंकले. त्यांची शर्यत दोन किलोमीटरची असते, आणि तिच्यात दम आणि ताकद दोन्ही एकाच वेळी पणाला लागतात. एकाने दुसऱ्याचं नुकसान होत असतं तर हा खेळच उभा राहिला नसता.

सांभाळायचं ते इतकंच की दोन्ही कठीण कामं एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत. रविवारी त्र्यंबकची लांब सायकल असेल तर शनिवारी पायांचा भारी व्यायाम नको. मंगळवार आणि शुक्रवार ताकदीला द्या. एकाच दिवशी दोन्ही करावं लागलं तर मधे काही तास सोडा.

## वाटीत नेमकी डाळ किती?

आता खत-पाण्याकडे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने साधारण प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. हा निरोगी राहण्याचा हिशेब झाला. स्नायू वाढवायचे असतील तर किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा मिळत जातो, त्यापुढे फारसा नाही, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. ६० किलोला ते ९६ ग्रॅम होतात. माझा स्वतःचा सल्ला असा की सुरुवातीला किलोमागे १.२ गाठा, म्हणजे ७२ ग्रॅम. आपल्यापैकी बहुतेक जण तिथवरही पोचत नाहीत.

मला हे पटत नव्हतं. "आमच्याकडे रोज वरण असतं," असं मी ठामपणे सांगायचे. मग एक दिवस स्वयंपाकघरात काटा आणला आणि कुकरला लावायच्या आधी डाळ मोजली. चौघांचं वरण ७२ ग्रॅम तुरीत होत होतं. माणशी १८ ग्रॅम. तुरीच्या डाळीत शेकडा २२ ग्रॅम प्रथिनं धरली तर माझ्या वाटीत चार ग्रॅम आली. वाटी तीच, वरण तेच, पण पाणी किती आणि डाळ किती हे मी वीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून वरण घट्ट झालं आणि शेजारी उसळ आली.

हिशेब अवघड नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, पाव लिटर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेसात, ४० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीत ९, तेवढ्याच बेसनाच्या पिठल्यात ९, ३० ग्रॅम सोया वड्यांत १५. शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये ३० च्या आसपास. ज्वारी-बाजरीच्या भाकरीतही प्रत्येकी पाच-सहा ग्रॅम मिळतात. भाकरीला घाबरू नका. स्नायूंचं इंधन तिच्यातूनच येतं, आणि इंधन कमी पडलं की शरीर प्रथिनं जाळायला काढतं. डाळ आणि धान्य एका दिवसात दोन्ही पोटात गेली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरण-भात, पिठलं-भाकरी या जोड्या त्या अर्थाने फार शहाण्या आहेत.

आपली खरी अडचण वाटपाची आहे. सकाळी पोहे किंवा चहा-टोस्ट, त्यात प्रथिनं नावाला, आणि रात्री एकदम भर. प्रत्येक जेवणात २०-२५ ग्रॅम येतील असं पाहिलं तर बांधकामाला दिवसभर माल पुरतो. रविवारच्या रपेटीनंतर मिसळ खाणार असाल, आणि नाशिकमध्ये ती खाल्लीच जाणार, तर मटकी जास्त आणि फरसाण कमी मागा, बरोबर दही घ्या.

उपासाच्या दिवशी वेगळा विचार करावा लागतो. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. श्रावणात किंवा नवरात्रात नऊ-नऊ दिवस खिचडीवर काढत भारी व्यायाम करू नका. राजगिरा, शेंगदाणे, दूध, दही यांच्यावर भर द्या आणि त्या दिवसांत वजनं हलकी ठेवा.

## प्रोटीन पावडर घ्यावी का?

२०२४ च्या मे महिन्यात राष्ट्रीय पोषण संस्थेने नवीन आहार-मार्गदर्शन प्रसिद्ध केलं आणि शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पुरवण्या टाळा असं सांगितलं. तेव्हापासून पावडर म्हणजे विष, इथपासून ती नसेल तर जिमला जाऊच नका, इथपर्यंत सगळं ऐकायला मिळतं. व्हे नावाची जी पावडर मिळते ती दुधाची निवळी वाळवून, शुद्ध करून बनते. घरी पनीर केल्यावर जे पाणी उरतं आणि आपण कणकेत घालतो, त्याच जातीची. ती औषध नाही आणि जादूही नाही. साध्या जेवणातून आकडा गाठता येत असेल तर तिची गरज नाही. शाकाहारी असाल, दूध-सोया फारसं खाल्लं जात नसेल, किंवा डबा घेऊन दिवसभर बाहेर असाल, तर एक मापभर सोयीची पडते. संस्थेच्या सल्ल्यातला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो तो असा: डब्यावर विसंबून जेवण बिघडवू नका, आणि मोठ्या प्रमाणात खाऊ नका.

मूत्रपिंडं खराब होतात का? निरोगी मूत्रपिंडांना वर सांगितलेल्या प्रमाणात अपाय होतो असं अभ्यासांत दिसत नाही. पण मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा जुना त्रास असेल तर आधी तपासणी करा आणि डॉक्टरांना विचारूनच प्रथिनं वाढवा, मग ती पावडरची असोत की डाळीची.

क्रिएटिन हे दुसरं नाव कानावर येतं. ते स्टेरॉइड नाही. आपल्या स्नायूंतच असणारा पदार्थ आहे तो, आणि रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्याने निरोगी माणसाची ताकद थोडी वाढते. एक मात्र ध्यानात ठेवा. ते घेत असताना रक्त तपासलं तर क्रिएटिनिनचा, म्हणजे ज्यावरून मूत्रपिंडाचं काम जोखतात त्या घटकाचा, आकडा मूत्रपिंड ठीक असूनही वाढलेला येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना ते घेत असल्याचं सांगा. जिममध्ये कुणी इंजेक्शन देऊ केलं, बिननावाची गोळी हातावर ठेवली, तर तिथून सरळ निघून या. त्यात चर्चेला जागा नाही.

## अंग आंबतं तेव्हा

माझी सुरुवात वाईट झाली होती. एका जिममध्ये पहिल्याच दिवशी माझ्याकडून शंभर बैठका काढून घेतल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला लटकून उतरत होते, आणि त्यानंतर दोन महिने मी तिकडे फिरकले नाही. असं होऊन किती जण कायमचे सोडून देत असतील, याचं मला आजही वाईट वाटतं.

अंग आंबतं म्हणजे लॅक्टिक अॅसिड साचतं, असं सर्रास सांगतात. ते अॅसिड तर व्यायामानंतर तास-दोन तासांत निघून जातं. आंबणं सुरू होतं दुसऱ्या दिवशी आणि २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. सवय नसलेल्या हालचालीने, विशेषतः वजन खाली आणताना, तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि शरीर ती दुरुस्त करताना सूज येते, त्याची ही दुखण. गड उतरल्यावर मांड्या दुखतात, चढताना तेवढ्या नाही, त्याचंही कारण हेच. हलकं चालल्याने बरं वाटतं. पण अंग आंबलं नाही म्हणजे व्यायाम झाला नाही, असं मुळीच नाही. सवय झाली की ते कमी होतं आणि ताकद वाढतच राहते.

दुखण्यातला फरक ओळखायला शिका. स्नायूच्या पोटात, दोन्ही बाजूंना सारखी, दाबलं की दुखणारी कळ ही आंबल्याची. सांध्यात, एका ठरावीक बिंदूवर, सुरीसारखी किंवा खाली मुंग्या उतरवणारी कळ असेल तर थांबा आणि दाखवा. आणि खूप व्यायामानंतर लघवी चहासारखी गडद झाली, स्नायू टम्म सुजले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. स्नायू जास्त मोडले की त्यांतले घटक मूत्रपिंडात अडकतात.

विश्रांतीत सर्वांत मोलाची झोप. गाढ झोपेतच वाढीचं संप्रेरक सर्वाधिक सुटतं. सात तास तरी हवेत. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. रात्रपाळी संपवून थेट जिममध्ये जाणाऱ्यांना मी नेहमी सांगते की आधी झोपा. झोपून उठल्यावर, पाळीवर जायच्या आधी व्यायाम करा. रात्रपाळीच्या आठवड्यात वजन वाढवायला जाऊ नका, आहे ते टिकवलं तरी पुष्कळ. आणि दर पाच-सहा आठवड्यांनी एक आठवडा सगळं निम्म्यावर आणा. सकाळी उठल्या-उठल्या नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागतेय, चिडचिड होतेय, झोप लागत नाही, असं सलग काही दिवस झालं तर तो आठवडा आजच घ्या.

## गुडघे, बायका आणि मुलं

गुडघे झिजतात ही भीती सर्वांत खोल आहे. गुडघ्याच्या कूर्चेला, म्हणजे हाडांमधल्या गादीला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. दाब पडतो आणि सुटतो, त्यातूनच तिला पोषण मिळतं. भोवतीच्या मांडीच्या स्नायूंनी भार वाटून घेतला तर सांध्यावरचा कमी होतो. गुडघेदुखीवर फिजिओथेरपिस्ट मांडीचे व्यायाम देतात ते याचसाठी. दुखत असेल तर खोल बसू नका, जिथवर दुखत नाही तिथवरच बसा, आणि तिथून सुरुवात करा.

बायकांचं अंग पुरुषी होईल? स्त्रियांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याइतकं असतं. पुरुषांनाही वर्षानुवर्षं घाम गाळून जे जमत नाही ते आपल्याला चुकून होणार नाही. उलट पाळी थांबल्यावर हाडं भराभर ठिसूळ होतात, आणि भार उचलल्याने त्यांना टिकायला मदत होते. माझ्या मैत्रिणींना मी हे अगदी हट्टाने सांगते.

मुलांची उंची खुंटते, यालाही आधार नाही. जाणकार शिकवणाऱ्याच्या नजरेखाली, हलक्या वजनाने, हालचाल नीट शिकत केलेला व्यायाम त्यांना चालतो.

## साठी उलटल्यावर?

अमेरिकेत १९९० मध्ये एका वृद्धाश्रमातल्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे पायांचा भारी व्यायाम दिला गेला. सरासरी वय ९०. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आकडा मोठा दिसतो कारण सुरुवात फार खालून होती, पण नव्वदाव्या वर्षीही हाक दिली की तंतू येतात, हे त्यातून कळलं.

फक्त आधी खबरदारी घ्या. रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल, चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप लागत असेल, हृदयाचा किंवा डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांची परवानगी घेऊनच सुरू करा. उचलताना श्वास रोखून धरू नका, रक्तदाब एकदम चढतो. उठताना सोडायचा, बसताना घ्यायचा.

माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. "या वयात मला काय कुस्ती खेळायचीय?" असं म्हणत त्यांनी गेल्या श्रावणात सुरुवात केली. जेवणाच्या खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, हात छातीवर घेतले, आणि आठ वेळा उठल्या-बसल्या. एवढंच. तीन आठवड्यांनी एक उशी काढली. दिवाळीनंतर दुसरी काढली. बैठक जितकी खाली तितका मांडीवर भार जास्त, म्हणजे वजनाला हात न लावता त्यांचा भार चढताच राहिला. आता नुसती खुर्ची आहे, १७ इंचांची. तिच्यावरून त्या हात न टेकता बारा वेळा उठतात, आणि वहीत तारीख मीच लिहायची असा त्यांचा नियम आहे. देवघरासमोर एक जुना लाकडी स्टूल आहे, १४ इंचांचा. काल त्यांनी टेप आणून तो स्वतः मोजला.